पहिला सत्याग्रही : आचार्य विनोबा भावे



दरवर्षी ११ सप्टेंबरला आपल्या शाळेत आचार्य विनोबा भावे यांची जयंती साजरी होते. फोटोला हार घातला जातो, एखादा विद्यार्थी पाठ केलेले भाषण म्हणतो, भूदानाचे नाव निघते आणि घंटा वाजते. या वेळी मात्र थोडे वेगळे घडले. भाषण करणाऱ्या मुलाने सांगितले की इ.स. १९४० साली महात्मा गांधींनी विनोबांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडले आणि इंग्रजांच्या युद्धाला माणसे देऊ नका, पैसा देऊ नका असे विनोबांनी लोकांना सांगितले. त्यावर नववीतील एका मुलीने हात वर केला. तिचा मोठा भाऊ फौजेत आहे. तिने विचारले, युद्धाला माणूस देणे चुकीचे असेल, तर फौजेत गेलेले लोक चुकले का? आणि देश लढत असताना लढाईला विरोध करणारा माणूस देशाचा मोठा पुरुष कसा?

आम्ही तेव्हा घड्याळाकडे पाहिले आणि उत्तर नंतर देऊ असे म्हणून मुलांना वर्गात पाठवले. खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तर तयार नव्हते. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पदवीच्या पुस्तकात व्यक्तिगत सत्याग्रह या विषयाला दोन ओळी होत्या, पहिले विनोबा आणि दुसरे जवाहरलाल. परीक्षेत एवढेच विचारले जायचे आणि आम्हीही एवढेच शिकवत आलो. त्या मुलीमुळे आम्हाला पुन्हा पुस्तके उघडावी लागली. तिचे उत्तर या पानांवर देत आहोत. उत्तर फक्त तिचे नाही, आपल्या सर्वांच्या कामाचे आहे.

बालपण आणि आईचे संस्कार

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या लहानशा गावी झाला. हे गाव पेण तालुक्यात, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. वडील बडोद्याला नोकरीला होते. कापडाचे रंग या विषयात त्यांना मोठी गोडी होती. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण संतांचे अभंग त्यांच्या ओठांवर असत. बाळकोबा आणि शिवाजी हे दोन धाकटे भाऊही पुढे विनोबांसारखेच ब्रह्मचारी राहून सेवेच्या मार्गाला लागले.

घरच्या अंगणात फणसाचे झाड होते. फणस पिकला की मुलांना केव्हा एकदा गरे खाऊ असे होई. पण आईचा नियम असा की आधी शेजारच्या प्रत्येक घरी वाटा पोहोचवायचा आणि मग आपण खायचे. हे वाटण्याचे काम ती विनायकाकडूनच करवून घेई. पुढे हाच मुलगा देशभर पायी फिरून जमिनीचा वाटा मागणार होता. संस्कार उपदेशाने कमी आणि घरातल्या अशा लहान लहान नियमांनी जास्त होतात, हे आम्ही पालकांना आवर्जून सांगू इच्छितो.

विनायक अभ्यासात हुशार होता, विशेषतः गणितात. पण नोकरीसाठी शिकायचे हे त्याला पटत नव्हते. इ.स. १९१६ मध्ये एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे घरच्या चुलीत टाकली. आईने विचारले की ठेवली असती तर काय बिघडले असते? त्याचे म्हणणे असे की पुन्हा मागे वळण्याची वाटच राहू नये. (विद्यार्थी मित्रांनी येथे विनोबांचे अनुकरण करू नये. प्रमाणपत्राची दुय्यम प्रत काढायला किती फेऱ्या माराव्या लागतात, हे कार्यालयातील बाबू सांगतील.) त्याच वर्षी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जाणारी गाडी त्याने सुरतेला सोडली आणि तो काशीला गेला. तेथे हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या गाजलेल्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला. मनात प्रश्न उठले, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. विनायक तेव्हा वीस वर्षांचा होता. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्हींची ओढ मनात असलेल्या त्या तरुणाला दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडल्या. आश्रमात तो विनोबा झाला.

वर्धा, पवनार आणि तुरुंग

एप्रिल १९२१ मध्ये गांधीजींनी विनोबांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवले. येथून विनोबा आपल्या भागाचे झाले. वर्धा, नागपूर, भंडारा, सिवनी आणि आपला बालाघाट हे सारे जिल्हे तेव्हा एकाच प्रांतात होते. त्या प्रांताला मध्यप्रांत व वऱ्हाड म्हणत आणि राजधानी नागपूरला होती. आज बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो, पण ही सीमा नोव्हेंबर १९५६ मधली. आपल्या आजोबा-पणजोबांसाठी वर्धा परप्रांतात नव्हते.

विनोबांचा दिनक्रम कठोर होता. सूत कातणे, दळणे, स्वयंपाक आणि संडाससफाई ही कामे ते अभ्यासाइतकीच मन लावून करत. टकळीवर कातण्याचे त्यांनी शास्त्रच बनवले. संस्कृतचे ते पंडित होतेच, शिवाय कुराण मुळातून वाचता यावे म्हणून त्यांनी अरबी भाषाही शिकून घेतली. इ.स. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास झाला. इ.स. १९३० च्या ऑक्टोबरपासून पुढील फेब्रुवारीपर्यंत त्यांनी गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद केला, तीच गीताई. आईला संस्कृत गीता समजत नव्हती आणि मराठीतून गीता वाचण्याची तिची इच्छा होती. आई १९१८ मध्येच गेली. मुलाने इच्छा पूर्ण केली, पण ती वाचायला आई राहिली नव्हती.

इ.स. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी कैद्यांना गीता समजावून सांगत. साने गुरुजी तेथेच बंदी होते. त्यांनी ती प्रवचने भराभर लिहून घेतली, म्हणून गीता प्रवचने हा ग्रंथ आज आपल्याला मिळाला. इ.स. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती फार खालावली. गांधीजींच्या आग्रहावरून ते वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला गेले. तेथे रोज थोडे खोदकाम करावे, शेत करावे, असा क्रम सुरू झाला. खोदता खोदता भरत आणि राम यांच्या भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. सत्याग्रहाचे बोलावणे आले तेव्हा विनोबा असे पवनारच्या शेतात माती खणणारे एक कृश गृहस्थ होते. देशातील बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

न विचारता लादलेले युद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. भारतातील कोणत्याही निवडून आलेल्या प्रतिनिधीला विचारले गेले नाही. वास्तविक तेव्हा अनेक प्रांतांत काँग्रेसची निवडून आलेली मंत्रिमंडळे होती. आपल्या प्रांतात पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. त्या मंत्रिमंडळांनाही ही बातमी जनतेबरोबरच समजली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. काँग्रेसला हिटलरबद्दल सहानुभूती नव्हती. नाझी आणि फॅसिस्ट विचारांचा तिने स्पष्ट निषेध केला होता. तिचा प्रश्न साधा होता. हे युद्ध स्वातंत्र्यासाठी आणि लोकशाहीसाठी असेल, तर भारताला स्वातंत्र्य देणार की नाही? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ऑगस्ट १९४० मध्ये व्हाइसरॉयने एक प्रस्ताव मांडला, पण त्यातही स्वातंत्र्याचा निश्चित शब्द नव्हता.

सप्टेंबर १९४० च्या अखेरीस गांधीजी सिमल्याला जाऊन व्हाइसरॉयला भेटले. त्यांची मागणी फार मोठी नव्हती. हे युद्ध आम्हाला मान्य नाही, असे लोकांना शांततेने सांगण्याचे स्वातंत्र्य असावे, एवढेच त्यांना हवे होते. कोणाला युद्धात जायचे नसेल तर त्याने जाऊ नये इथपर्यंत सरकार तयार होते, पण तसे इतरांना सांगत फिरण्याची परवानगी ते देणार नव्हते. तोंड उघडायचे नाही, हीच अट होती. या एका मुद्द्यावर सत्याग्रह करायचे ठरले.

आता कोणी म्हणेल, गांधीजींनी लाखो लोकांना एकदम रस्त्यावर का आणले नाही? इ.स. १९३० मध्ये मिठासाठी आणले होतेच. याचे कारण त्यांच्या स्वभावात आहे. इंग्लंडवर तेव्हा रोज बॉम्ब पडत होते. संकटात सापडलेल्या शत्रूची अडवणूक करणे त्यांना शोभणारे वाटले नाही. शिवाय मोठ्या गर्दीत हिंसा केव्हा शिरेल याचा भरवसा नव्हता. पण गप्प बसले तर भारत या युद्धाला राजी आहे असा अर्थ जगाने घेतला असता. म्हणून मार्ग असा निघाला की एकेका निवडक माणसाने सत्याग्रह करायचा, आधी सरकारला कळवून, नंतर उघडपणे बोलून आणि शेवटी शिक्षा आनंदाने भोगून. यालाच वैयक्तिक सत्याग्रह म्हणतात.

पहिला कोण?

ऑक्टोबर १९४० मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यसमितीची बैठक झाली. पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांचे नाव सांगितले तेव्हा देशात प्रश्न उठला की हे विनोबा कोण? गांधीजींना त्यांची ओळख करून देण्यासाठी आपल्या साप्ताहिकात लेख लिहावा लागला. नामांकित पुढारी पुष्कळ असताना अशा अनोळखी माणसाला का निवडले? त्या लेखातून जे कळते त्याचा सारांश असा. विनोबांनी आश्रमातील एकही काम हलके मानले नव्हते. अस्पृश्यता त्यांनी स्वतःच्या मनातून आधी काढली होती. सर्व धर्मांविषयी त्यांना सारखा आदर होता. आणि राजकारणात पद मिळवण्याची त्यांना इच्छाच नव्हती. युद्धाला नाही म्हणणारा माणूस असा हवा होता की त्याच्या नाही म्हणण्यामागे राग, लोभ किंवा भीती आहे अशी शंका कोणालाच येऊ नये.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला पहिले भाषण केले. आवाज चढवला नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता की इंग्रजांच्या युद्धाला माणसे किंवा पैसा देऊन मदत करणे योग्य नाही आणि कोणत्याही युद्धाचा खरा प्रतिकार अहिंसेनेच होऊ शकतो. पुढचे तीन दिवस ते आसपासच्या गावांत पायी फिरून हेच सांगत राहिले. २१ ऑक्टोबरच्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे त्यांना अटक झाली. तीन महिन्यांची शिक्षा झाली.

सरकारला विनोबांपेक्षा बातमीची भीती जास्त होती. या सत्याग्रहाच्या बातम्या आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय छापू नयेत, अशी सूचना वृत्तपत्रांना गेली. तेव्हा गांधीजींनी आपली हरिजन ही साप्ताहिकेच बंद ठेवली. ती जानेवारी १९४२ मध्ये पुन्हा सुरू झाली. छापायचे बंद झाले तरी बातमी थांबली नाही. बाजाराच्या दिवशी गावोगावी ती तोंडी फिरली.

एकापासून पंचवीस हजारांपर्यंत

दुसरे सत्याग्रही पं. जवाहरलाल नेहरू. त्यांचा सत्याग्रह नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायचा होता, पण सरकारने वाट पाहिली नाही. वर्ध्याहून परतताना ३१ ऑक्टोबरला अलाहाबादजवळ छिवकी स्थानकावर त्यांना अटक झाली आणि गोरखपूरच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा दिली. एकाला तीन महिने आणि दुसऱ्याला चार वर्षे, हा फरक लोकांच्या लक्षात आला. तिसरे ब्रह्मदत्त नावाचे साधे कार्यकर्ते होते. पुढारी आणि कार्यकर्ता यांत भेद नाही हे यावरून दिसले.

नोव्हेंबरच्या मध्यापासून दुसरा टप्पा सुरू झाला. कार्यसमितीचे व विधानसभांचे सदस्य पुढे आले. सरदार पटेल याच काळात पकडले गेले. जानेवारी १९४१ पासून जिल्हा आणि स्थानिक समित्यांच्या लोकांची पाळी आली आणि एप्रिलपासून सामान्य सभासदांची. प्रत्येकाचे नाव आधी मंजूर व्हावे लागे. खादी, सूतकताई आणि अस्पृश्यता न पाळणे या अटी होत्या. ज्यांना सरकारने पकडले नाही, ते गावागावांतून बोलत पायी दिल्लीच्या दिशेने निघत. मे १९४१ च्या मध्यापर्यंत शिक्षा झालेल्यांची संख्या सुमारे पंचवीस हजारांवर पोहोचली.

आमच्या मते शिकण्यासारखी गोष्ट येथेच आहे. आज आंदोलन म्हटले की रस्ता बंद, दगडफेक आणि जळणारी बस डोळ्यांपुढे येते. येथे एक काचही फुटली नाही, तरीही चळवळ वाढत गेली. एका माणसाला तुरुंगात टाकले की दुसरा शांतपणे येऊन तेच वाक्य म्हणत असे. स्वतः विनोबांना या सत्याग्रहात तीन वेळा कारावास झाला. सुटले की ते पुन्हा बोलत आणि पुन्हा आत जात.

डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने सत्याग्रहींना सोडून दिले. त्याच सुमारास जपान युद्धात उतरला आणि लढाई भारताच्या दारापर्यंत आली. सत्याग्रहाने युद्ध थांबले का? नाही थांबले. पण भारताच्या संमतीशिवाय भारताचे नाव वापरले जात आहे, हे जगाला कळले. मार्च १९४२ मध्ये क्रिप्स साहेबांना बोलणी करायला यावे लागले. ती बोलणी फिसकटली आणि ऑगस्टमध्ये भारत छोडो आंदोलन उभे राहिले. त्यासाठी गावोगावचे कार्यकर्ते आदल्या दोन वर्षांत तयार झालेले होते.

शेजारच्या सिवनीत

९ ऑगस्ट १९४२ रोजी विनोबांना पुन्हा अटक झाली. आधी नागपूर, मग दूर दक्षिणेत वेल्लोर आणि नंतर सिवनी अशा तुरुंगांत ते सुमारे तीन वर्षे होते. वेल्लोरला ते दक्षिणेच्या भाषा शिकले. जेलला ते पाठशाळा मानत, असे म्हटले तर चुकणार नाही.

सिवनी म्हणजे आपला शेजारचा जिल्हा. आपली वैनगंगा तेथेच, मुंडारा गावी उगम पावते. तेथील तुरुंगात १९४४ च्या हिवाळ्यात विनोबांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील शेवटच्या अठरा श्लोकांवर व्याख्याने दिली. स्थितप्रज्ञ दर्शन हे पुस्तक त्यातून झाले. बाहेर युरोप जळत होता. बंगालात १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून आणि रोगांनी मेली होती आणि त्यामागे युद्धकाळातील सरकारी धोरणांचाही मोठा हात होता. अशा वेळी आपल्या जवळच्या तुरुंगात एक माणूस मन स्थिर कसे ठेवावे हे कैद्यांना सांगत होता. जुलै १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली. आपल्या मुलांना सिवनी म्हटले की पेंचचे वाघ आठवतात. हेही आठवावे असे आम्हाला वाटते.

मग सैनिक चुकले का?

आता नववीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो.

ज्या वर्षी विनोबा सिवनीच्या तुरुंगात होते, त्याच वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढत होते. समोरून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या तुकडीतील सारे जण ठार किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, मशीनगनचा मोर्चा त्यांनी मोडून काढला आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे घाडगे माणगाव तालुक्यातील पळसगावचे, म्हणजे विनोबांच्याच कुलाबा जिल्ह्याचे. एकाच जिल्ह्याच्या दोन सुपुत्रांपैकी एक युद्धात मेला आणि एक युद्धाला विरोध करून तुरुंगात बसला. यांतला कोणता खरा, असा प्रश्न आम्ही विचारणार नाही.

युद्धाच्या प्रारंभी भारतीय सेना सुमारे दोन लाखांची होती, ती शेवटी पंचवीस लाखांवर गेली. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याच्या परंपरेने आणि कोणी हिटलरला थांबवले पाहिजे या विचाराने. देशातील पुढाऱ्यांचेही एकमत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वातंत्र्यवीर सावरकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांनी वेगवेगळ्या कारणांनी युद्धप्रयत्नांना किंवा सैन्यभरतीला पाठिंबा दिला. स्वतः गांधीजींनी १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी खेडा जिल्ह्यात भरतीचा प्रचार केला होता. पुढे त्यांचे मत बदलले. हिटलर जिंकला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता आणि तो सोपा नाही.

विनोबांचा विरोध सैनिकाला नव्हता. सैनिकाविषयी त्यांनी द्वेष पसरवला नाही. त्यांचा विरोध दोन गोष्टींना होता. एक, लोकांना न विचारता त्यांना युद्धात ओढणे. दुसरी, युद्धाने कोणताही प्रश्न कायमचा सुटतो हा समज. पहिली गोष्ट आता आपल्याकडे राहिली नाही. आपले सरकार आपण निवडतो आणि तुझा भाऊ त्या सरकारच्या आज्ञेने सीमेवर उभा आहे. त्याचे कर्तव्य तो करतो. आपले कर्तव्य हे की त्याला कोठे आणि कशासाठी पाठवले जाते हे जागेपणाने पाहावे आणि प्रश्न पडला तर तो निर्भयपणे, सभ्यतेने विचारावा. जो देश प्रश्न विचारू देत नाही तो आपल्या सैनिकाचे प्राण स्वस्त करतो. म्हणून बेटा, तुझा भाऊ चुकला नाही आणि विनोबाही चुकले नाहीत. आणि त्या दिवशी तुझा प्रश्न टाळला ती चूक आमची होती.

पुढची वाटचाल

स्वातंत्र्यानंतरचे विनोबा सर्वांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. जवळजवळ तेरा वर्षे विनोबा पायी फिरले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. त्यातली पुष्कळशी पडीक निघाली आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. मे १९६० मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात चंबळच्या खोऱ्यात काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर मात्र बरीच टीका झाली आणि ती अजूनही होते. मोठ्या माणसाचे सगळेच आपल्याला पटले पाहिजे असे नाही.

युद्धविरोधाचा धागा मात्र पुढे चालू राहिला. इ.स. १९५९ मध्ये अमेरिकेचे मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले असता विनोबांना भेटले. याच किंग यांनी १९६७ मध्ये आपल्याच देशाच्या व्हिएतनाममधील युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केले. तेव्हा त्यांचे अनेक मित्रही त्यांच्यावर रागावले. पुढे त्या युद्धाविरुद्ध अमेरिकेत लाखो लोक उभे राहिले. इ.स. १९६२ मध्ये विनोबांचा आशीर्वाद घेऊन सतीश कुमार आणि मेनन हे दोन तरुण खिशात पैसे न ठेवता अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. जेथे जमीन होती तेथे ते पायी चालले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे अन्नपाणी सोडून विनोबांनी शांतपणे देह ठेवला. इ.स. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान देण्यात आला.

आमची विनंती

पालकांना विनंती की सुटीत एकदा मुलांना पवनारला घेऊन जावे. गोंदियाहून रेल्वेने वर्धा गाठता येते आणि सेवाग्रामही जवळच आहे. घरी गीताई असेल तर मुलांकडून रोज थोडी वाचून घ्यावी. आपण मध्य प्रदेशात राहून पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवली आहे, ती अशा वाचनानेच टिकेल.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही एक छोटासा बदल करू इच्छितो. यापुढे दर शनिवारी प्रार्थनेनंतर दहा मिनिटे फक्त विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत. उत्तर लगेच आले नाही तर शिक्षकांनी तसे मोकळेपणाने सांगावे आणि पुढच्या शनिवारी ते शोधून आणावे. प्राचार्यांनाही हा नियम लागू राहील.

त्या नऊवारी नसलेल्या, नववीतल्या झाशीच्या राणीला पहिला प्रश्न विचारण्याचा मान दिला आहे. तिच्या बंधूंना, आणि राजेगाव परिसरातील जे जे सैनिक सीमेवर आहेत त्यांना, शाळेच्या वतीने आमचा नमस्कार.

आपला,
प्राचार्य